संशय आणि निकाल

१९७८ सालच्या अर्जेंटिनाच्या जगज्जेतेपदाची गोष्ट निघाली, कीं “पण तो पेरूचा सामना?” हा प्रश्न ठरलेलाच. या एका ‘पण’नें बावीस खेळाडूंचें यश झांकून टाकण्याची रीत आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

हकीकत अशी. २१ जून रोजीं ब्राझीलनें पोलंडला ३-१ असें हरविलें. तो सामना आधीं संपल्यामुळें, अंतिम सामना गांठण्यास निदान चार गोलांनीं जिंकलें पाहिजे, हें अर्जेंटिनाला रोसारिओच्या मैदानावर उतरण्यापूर्वींच ठाऊक होतें. सामना ६-० असा जिंकला. पेरूचा गोलरक्षक किरोगा हा जन्मानें रोसारिओचाच. शिवाय लष्करशहा विदेला सामन्यापूर्वीं पेरूच्या खेळाडूंच्या खोलींत जाऊन आला होता. पुढें धान्याच्या जहाजांच्या सौद्याची कहाणी पसरली.

यावरून संशय यावा हें स्वाभाविक आहे. परंतु संशय हा चौकशीचा आरंभ होय, निकाल नव्हे. जन्मगांव हा अपराध नाहीं. वेळापत्रक खेळाडूंनीं आखलें नव्हतें. तो दोष नियमांचा होता व १९८६ पासून गटांतील अखेरचे सामने एकाच वेळीं खेळवून तो दूरहि करण्यांत आला. गोल होण्यापूर्वीं पेरूचाच एक फटका खांबावर आदळून परतला, ही गोष्ट मात्र आक्षेपक सोयिस्करपणें विसरतात.

प्रतिपक्षाचें बळकट म्हणणें निराळेंच आहे: अशा क्रूर सरकारला अशक्य तें काय? सरकार क्रूर होतें, यांत वाद नाहीं. १९७६ सालीं सत्ता बळकावलेल्या त्या राजवटीनें हजारों माणसें नाहींशीं केलीं. अंतिम सामन्याच्या मैदानापासून थोड्याच अंतरावर नौदलाच्या शाळेंत बंदिवानांचा छळ चालला होता. पण हें साक्षीपुराव्यानें सिद्ध झालें आहे. १९८५ सालीं न्यायालयानें विदेलाला जन्मठेप दिली. सिद्ध पापाला असिद्ध आरोपाचा टेकू कशाला? उलट, जहाजांच्या कहाण्या रंगूं लागल्या कीं नाहींशा झालेल्या मुलांच्या माता मात्र विस्मरणांत जातात. शिवाय, पुराव्यावांचून माणसांना अपराधी ठरविणाऱ्या राजवटीचा ज्यांना निषेध करावयाचा आहे, त्यांनीं निदान तिची न्यायपद्धति तरी उचलूं नये!

पेरूचा सामना नसता तर २५ जूनचा अंतिम सामना कोठला, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. म्हणूनच उद्यां पुरावा पुढें आल्यास त्या विजयावर काट मारण्यास आम्ही प्रथम सिद्ध होऊं. तोंवर मात्र नेदर्लंड्सला जादा वेळांत ३-१ असें नमविणाऱ्या संघाला आणि त्या सामन्यांत दोन गोल करणाऱ्या केम्पेसला त्यांचें श्रेय निर्मळ मनानें दिलें पाहिजे. राजवटीचा कलंक राजवटीच्या माथीं राहो. खेळाडूंच्या माथीं तो पुराव्यावांचून मारण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.