अहिल्याबाई 'राजमाता' किती दिवस होत्या?

अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षं झाली आणि आपल्या इंदूरात फलकांचा नुसता पाऊस पडला. राजवाड्यापासून विमानतळापर्यंत जिथे बघावं तिथे त्याच. डोक्यावर पांढरा पदर, हातात शिवलिंग आणि नावाच्या आधी एक विशेषण : पुण्यश्लोक, देवी, लोकमाता, नाहीतर राजमाता. पहिल्या तिघांबद्दल माझी काही तक्रार नाही. लोकांनी प्रेमाने दिलेली नावं आहेत, त्यांना व्याकरण लावू नये. चौथ्याबद्दल मात्र आहे. 'राजमाता' हा प्रेमाचा शब्द नाही, पदाचा शब्द आहे. आणि अहिल्याबाईंचं मोठेपण नेमकं तिथून सुरू होतं, जिथे त्यांनी ते पद नाकारलं.

आधी हे पद म्हणजे काय ते पाहू. राजाची बायको ती राणी, हे सोपं आहे. राजा गेला, मुलगा गादीवर आला की तीच बाई राजमाता होते. आपल्याकडे तिला मातोश्री, आईसाहेब, मासाहेब असं म्हणत. मुलगा जाणता असेल तर तिच्याकडे मान आणि सल्ला. मुलगा लहान असेल तर सगळा कारभार तिच्याकडे, पण शिक्का मुलाचा. म्हणजे सत्ता तिच्या हातात असते, नावावर नसते. बँकेत अज्ञान मुलाच्या खात्यावर पालक सही करतो ना, तसंच काहीसं. मूल मोठं झालं की सही बंद.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. बायबलमध्ये 'राजे' या पुस्तकांत यहूदाच्या जवळजवळ प्रत्येक राजाबरोबर त्याच्या आईचं नाव दिलेलं आहे. राजांच्या बायकांची नावं तशी दिलेली नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बथशेबा मुलाला भेटायला येते, तेव्हा राजा शलमोन उठून उभा राहतो, तिला नमन करतो आणि तिच्यासाठी आपल्या उजव्या हाताला आसन मांडायला लावतो. केवढा हा मान! पण पुढचं वाचा. ती अदोनीयासाठी एक मागणं मागते. शलमोन ते तर नाकारतोच, शिवाय त्याच दिवशी अदोनीयाला ठार करवतो. म्हणजे आसन उजव्या हाताला, निर्णय मात्र राजाचा. पुढे पंधराव्या अध्यायात आसा राजा माकेला राजमातेच्या पदावरून काढूनच टाकतो. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आईपणावरून कुणाला काढता येत नाही, पदावरून काढता येतं. म्हणजे हे पद होतं, नातं नव्हे.

आता आपल्या घराकडे येऊ. राजमाता म्हटलं की आपल्यासमोर पहिल्यांदा जिजाबाई येतात. पण हिशेब करून बघा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला आणि १७ जूनला जिजाबाई गेल्या. अभिषिक्त राजाची आई म्हणून त्यांना मिळाले ते अकरा दिवस. पुण्याची जहागीर उभी करणं असो, की १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेल्यावर कारभारावर लक्ष ठेवणं असो, त्यांनी जे केलं ते सगळं त्याआधीचं. शाळेत आपण मात्र काय शिकलो? त्यांनी गोष्टी सांगितल्या, संस्कार केले. कारभार करणारी बाई हळूहळू गोष्टी सांगणारी आई झाली, आणि आपल्याला ते खटकलंही नाही.

ताराबाईंचं उलट झालं. १७०० साली राजाराम महाराज गेले, तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचाही नसेल. त्याच्या नावाने ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाशी लढाई चालवली आणि शेवटी बादशहाच दक्षिणेत मेला. पण ज्या पायावर त्या उभ्या होत्या तो पाया बघा : मुलगा. १७१४ मध्ये कोल्हापुरात त्यांच्या सवतीने, राजसबाईंनी, आपला मुलगा पुढे केला. गादी फिरली आणि ताराबाई कैदेत गेल्या. औरंगजेबाला जे जमलं नाही, ते एका दुसऱ्या मुलाने घडवलं. मुलाच्या नावावरची सत्ता अशी असते, दुसरं मूल समोर आणलं की संपते.

म्हणून इंदूरची गोष्ट वेगळी आहे.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव मे १७६६ मध्ये गेले. गादी नातवाकडे, मालेरावांकडे आली. इथे अहिल्याबाई खऱ्या अर्थाने राजमाता झाल्या. एप्रिल १७६७ मध्ये मालेरावही गेले. म्हणजे राजमातापद वर्षभरही टिकलं नाही.

त्यानंतर खरा प्रसंग उभा राहिला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोड सुचवली : कुळातलं एखादं लहान मूल दत्तक घ्या, तुमच्या खर्चाची वेगळी सोय करू. वरवर पाहता किती समंजस सूचना! गादीला वारस मिळतो, विधवेला मान आणि नेमणूक मिळते. पण मूल लहान, म्हणजे कारभार कुणाच्या हातात? दिवाणाच्या. त्यांच्या पाठीशी राघोबादादा होते. थोडक्यात, अहिल्याबाईंना पुन्हा एकदा राजमाता व्हा असंच सांगितलं जात होतं. उजव्या हाताचं आसन घ्या आणि गप्प बसा.

त्या नाही म्हणाल्या. एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्याची आई म्हणून पुढचं ठरवण्याचा हक्क माझा आहे, अशी त्यांची भूमिका होती. राघोबादादा फौज घेऊन आले, तेव्हा त्यांनीही तयारी केली आणि शेजारच्या सरदारांना कळवलं. माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, महेश्वरहून त्यांनी कारभार केला. फौजेसाठी तुकोजी होळकरांना नेमलं. तुकोजी त्यांचा मुलगा नव्हता. सर जॉन माल्कम लिहितो की तो वयाने त्यांच्यापेक्षा मोठा असूनही त्यांना आई म्हणत असे. गंमत बघा, इथे 'आई' हा शब्द नात्याचा राहिलाच नाही, तो हुद्दा झाला. मुलामुळे तिला सत्ता मिळाली नव्हती. तिच्याकडे सत्ता होती म्हणून मोठ्या वयाचा सेनापती तिला आई म्हणत होता.

यावर कुणी म्हणेल, पण तिचा दावाही सून, पत्नी, आई या नात्यांवरच उभा होता ना? होता. अठराव्या शतकात दुसरा कुठला दावा चालला असता? फरक इतकाच की त्या नात्यांच्या जोरावर तिने दुसऱ्यासाठी जागा मागितली नाही, स्वतःसाठी मागितली.

हा फरक किती मोठा होता, ते पुढच्याच पिढीत दिसलं. १८११ मध्ये यशवंतराव होळकर गेले. मुलगा मल्हारराव लहान. त्याच्या नावाने तुळसाबाईंनी कारभार हाती घेतला. मुलाची जन्मदाती त्या नव्हत्या, त्यांनी त्याला आपला मानला होता. एकीकडे पगार थकलेली बिथरलेली फौज, दुसरीकडे दारात आलेले इंग्रज. २० डिसेंबर १८१७ ला त्यांच्याच फौजेतल्या सरदारांनी त्यांना क्षिप्रेच्या काठी ठार मारलं. दुसऱ्या दिवशी महिदपूरला लढाई झाली, होळकर हरले, आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. मुलाला तंबूतून उचलून आपल्या ताब्यात घेतलं की त्याच्या नावाने राज्य करणारी बाई नकोशी होते, हे या एका रात्रीत स्पष्ट झालं.

तुळसाबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याबद्दल जे वाईट लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं याच माल्कमच्या लेखणीतून आलं आहे, आणि तो महिदपूरला इंग्रजांच्या बाजूने लढलेला होता. आपल्या बोलण्यातही बघा. अहिल्याबाई 'त्या' असतात, तुळसाबाई 'ती' होते. एकाच घराण्याच्या दोन बायका, एकच काम, आणि सर्वनाम वेगळं.

मुलाची खरी आई कृष्णाबाई या सगळ्यातून वाचल्या. आपण रोज ज्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोरून गाड्या दामटत जातो, त्यातली एक त्यांची. 'मासाहेब' म्हणून त्यांचा शब्द दरबारात चालत होता. १८४४ मध्ये गादी रिकामी झाली तेव्हा दुसरे तुकोजीराव निवडले गेले, त्यामागे त्यांचीच पसंती होती. पण शेवटची मोहोर रेसिडेंटची. बडोद्यातही १८७५ मध्ये तेच घडलं. जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, म्हणून गायकवाडांना सयाजीराव मिळाले. एवढी चांगली निवड क्वचितच कुणी केली असेल! पण सयाजीराव जाणते होईपर्यंत राज्य चालवलं ते दिवाण माधवरावांनी. म्हणजे गंगाधर यशवंतांची १७६७ ची तोड शंभर वर्षांनी इंग्रजांनी जशीच्या तशी वापरली. वाईट घडलं नाही, उलट चांगलंच घडलं. तरी प्रश्न उरतोच, राजा निवडण्याइतकी शहाणी असलेली बाई राज्य चालवण्याइतकी शहाणी का नव्हती?

कुणी म्हणेल, एका शब्दावरून एवढा वाद कशाला? माता म्हणण्यात आदरच आहे. मान्य. पण हा आदर काही मागतो. आई म्हटलं की त्याग आला, संयम आला, स्वतःसाठी काही न मागणं आलं. जी त्या चौकटीत बसते तिचा पुतळा होतो. जी बसत नाही ती महत्त्वाकांक्षी, कारस्थानी. हीच गोष्ट पुरुषाने केली तर तो मुत्सद्दी. ताराबाईंनी १७५० मध्ये रामराजाला कैद केलं, हे चूकच होतं. पण गादीसाठी कैदा आणि कारस्थानं करणाऱ्या पुरुषांची यादी काढायला बसलो तर या अंकाची पानं पुरायची नाहीत, आणि त्यांना कुणी 'चांगला बाप नव्हता' म्हणून नापास करत नाही.

ही सवय आजही गेलेली नाही. राजे गेले, १९७१ मध्ये तनखेही गेले, पण बाई खुर्चीवर बसली की तिला अम्मा, दीदी, ताई, माई केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. जणू नातं लावलं नाही तर तिचं तिथे बसणं आपल्याला समजतच नाही. साध्या वर्गातही बघा. मुलगा प्रतिनिधी झाला तर तो नेता, मुलगी झाली तर 'सगळ्यांची काळजी घेते'. काळजी ती घेतही असेल. पण तिला मतं मिळाली ती काम करण्यासाठी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. लोकमाता म्हणा, लोकांनी दिलेला शब्द आहे तो. पण इतिहास लिहिताना, निबंध लिहिताना, स्नेहसंमेलनात नाटुकली बसवताना अहिल्याबाईंना राज्यकर्ती म्हणा. राजमाता त्या जेमतेम दहा-अकरा महिने होत्या, आणि ते महिने त्यांच्या आयुष्यातले बहुधा सगळ्यात दुःखाचे होते. कारभार त्यांनी अठ्ठावीस वर्षं केला. कुणाच्या उजव्या हाताला बसून नव्हे.