कौतुक पुरे, रजा द्या
परवा परळला टाटा रुग्णालयाबाहेर एक आई मास्क लावलेल्या लेकराला मांडीवर घेऊन बी.एड.चं पाठटाचण लिहीत होती. ‘धन्य ती माउली’ म्हणणारे, पपईच्या पानांचा रस सुचवणारे भेटतातच. रजा देणारं कुणी भेटत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन-अडीच वर्षं चालतात, बी.एड.ही दोन वर्षांचं. म्हणजे दोन्ही अभ्यासक्रम जोडीनंच! त्यात तासांना हजेरी ८० टक्के, शाळेतल्या आंतरवासितेला ९०. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की येणारा ताप काही वेळापत्रक बघून येत नाही. पीएच.डी. करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा देण्याची तरतूद आहे, मग बी.एड.वालीचं मूल काय कमी आजारी पडतं? माझा हट्ट एवढाच: हजेरीचा नियम बदला, आणि आईला म्हणा, बापालाही म्हणा, ‘सत्र पुढच्या वर्षी पूर्ण करा, जागा तुमचीच आहे.’