शेवट बदलणाऱ्यांच्या बाजूने

अमोल पालेकरांच्या ‘पहेली’ सिनेमाला 2005 पासून एकच बोल लावला जातो, शेवट उगाच गोड केला. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेत आणि मणी कौल यांच्या 1973च्या ‘दुविधा’त भूत पखालीत कोंडलं जातं, बाईच्या वाट्याला पुन्हा तोच नवरा. पालेकरांचं भूत मात्र नवऱ्याच्याच देहात शिरून परत येतं. मला हे मनापासून पटतं.

लग्नाच्या रात्री नवरा खर्चाचा हिशेब मांडून बसतो आणि पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. त्याचं रूप घेतलेलं भूत पहिल्याच रात्री नवरीला, लच्छीला, सांगून टाकतं, मी तुझा नवरा नव्हे. ठेवायचं की हाकलायचं, तिनं ठरवायचं! तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. पडद्यावरचं वाळवंट जरा जास्तच नटवलंय, ते खटकतं. पण या एका प्रसंगासाठी सगळं माफ.

आमच्या कर्नाटकातल्या ‘नागमंडल’मधल्या राणीला हे सुख नाही. नवरा तिला कुलपात ठेवतो, दुपारी जेवायपुरता येतो. रात्री त्याच्या रूपात नाग येतो, पण खरं सांगत नाही. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवरून गिरीश कार्नाडांनी 1988 साली हे नाटक लिहिलं. 1997 साली नागाभरणांनी त्याचा कन्नड सिनेमा केला. नाटकात नाग मरतो, ऐकणाऱ्यांचं समाधान होत नाही, मग दुसऱ्या शेवटात तो राणीच्या केसांत राहतो.

आमच्याकडे भालकीत पंचमीला लेकी माहेरी आल्या, की लाह्यांची परात मध्ये ठेवून आमची आत्या गोष्ट सांगायची. समोर सासरी सुकलेली एखादी पोर हुंकार देत बसली असेल, तर गोष्टीतली सून विहिरीत उडी घ्यायची नाही. भाऊ बैलगाडी घेऊन वेळेवर पोचायचा. आई म्हणायची, “मागल्या साली तर मेली होती की ती!” आत्या म्हणायची, “मागल्या साली ही पोर कुठं होती?”

पालेकरांनी गोष्ट दोन कठपुतळ्यांच्या तोंडी दिली, नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांच्या आवाजात. सांगणारे डोळ्यांसमोर असताना मूळ शेवटाचा हट्ट कशाला?

हडळ, मुंजा, नाग आमच्याकडे गावोगाव आहेत. सिनेमावाले त्यांना बहुधा घाबरवायला बोलावतात. मराठीत कुणीतरी राणीची गोष्ट पुन्हा घ्यावी आणि नागाला पहिल्याच रात्री खरं बोलायला लावावं. मग ती दार उघडते की नाही, हे मला बघायचंय.