बच्चेदानी कधी रिकामी होत नसते

मराठीत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत ‘बच्चेदानी’. सुरमेदानी, गुलाबदानी यांच्याच रांगेतला हा शब्द. पिशवी काय आणि दानी काय, अर्थ एकच: आत काहीतरी ठेवायचे भांडे. मुले झाली की भांड्याचे काम संपले, मग त्रास देत असेल तर काढून टाकलेले बरे, हा विचार या शब्दांतच दडलेला आहे. नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या मोहल्ल्यांत पस्तिशी-चाळिशीतल्या बायका ‘पिशवी निकाल डाले’ असे दात काढल्यासारखे सांगतात. कशासाठी काढली, असे विचारले तर ‘खराब हो गई थी’ यापलीकडे उत्तर नसते.

याचे टोकाचे रूप आपल्या शेजारीच दिसले. जामखेड, पाथर्डी, शेवगावप्रमाणेच बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर खाडा. पाळीचे दिवस, पोटदुखी, अंगावरून पांढरे जाणे यांना त्या हिशेबात जागा नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. यात मुकादम, कारखाना, खासगी दवाखाने आणि गरिबी या सगळ्यांचा वाटा आहे. पण आणखी एक गोष्ट या धंद्याला सोयीची ठरली: आपल्या पोटात काय आहे, हे त्या बाईला कुणी कधी सांगितलेच नव्हते.

सांगायला फार वेळ लागत नाही. गर्भाशय हा पेरूएवढा, जाड स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन बीजकोष असतात. बीजकोषांत स्त्रीबीज तयार होते, तसेच इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरकही. ते फक्त मुलासाठी नसते, हाडे टणक ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. पाळी जाण्याच्या वयाआधीच बीजकोषही काढले तर ते एकदम थांबते. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे सुरू होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले, तरी त्यांना मिळणारे काही रक्त गर्भाशयाच्या रोहिणीतूनच येत असते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काहींचे बीजकोष लवकर थकतात. म्हणजे मुले झाल्यावर ही ‘दानी’ अडगळ होत नाही.

कधी कधी गर्भाशय काढावेच लागते. कर्करोग, मोठ्या गाठी किंवा औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. प्रश्न निर्णयाचा आहे. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर तो घेतला जाऊ नये.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलींना शरीराबद्दल शिकवायचे म्हटले की ‘हया’ पुढे केली जाते. इब्न सीना आणि इब्न अल-नफीस यांची नावे मात्र आपण जलशांत अभिमानाने घेतो. इब्न अल-नफीस तेराव्या शतकातला हकीम आणि शाफई फिकहचा अभ्यासक. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून थेट डावीकडे जात नाही, फुप्फुसातून फिरून येते, हे त्याने लिहून ठेवले. एकाच माणसाला फिकह आणि तशरीह, म्हणजे शरीररचनेचे शास्त्र, दोन्ही शिकताना अडचण वाटली नाही. आपल्यालाच ती का वाटते?

खरे तर आपल्या मदरशातली मुलगी शरीरशास्त्राचा एक धडा आधीच शिकलेली असते. फिकहच्या किताबांत हैज आणि इस्तिहाजा असे दोन वेगळे भाग आहेत. हनफी मताप्रमाणे पाळी तीन दिवसांपेक्षा कमी आणि दहा दिवसांपेक्षा जास्त धरत नाहीत. त्याबाहेरचा रक्तस्राव म्हणजे इस्तिहाजा, त्यात नमाज माफ नाही. त्यामुळे मुलगी दिवस मोजायला शिकते. पण हा हिशेब मुसल्यापाशीच थांबतो. दहा दिवसांपुढे जाणारा रक्तस्राव गाठीचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा किंवा आणखी कशाचा इशारा असू शकतो, हे तिला कुणी सांगत नाही. मदिन्याच्या अन्सारी स्त्रिया पाळीचे प्रश्न थेट पैगंबरांना विचारत, आणि लाज त्यांच्या ज्ञानाच्या आड आली नाही म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली, हे हदीसमध्ये आहे. मग हयेचे कारण कुठे उरते?

गरीब, निरक्षर बायकांना हे समजणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेक जणी दलित होत्या. त्या शरीर शिकल्या, गरोदर बाई तपासायला शिकल्या आणि गावात परत जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या. तिथला बालमृत्यूदर सुरुवातीला हजारी 176 होता. पुढच्या दोन दशकांत तो विशीच्या आसपास आला. आज हे काम पाहायला जगभरातून लोक जामखेडला येतात. आपल्या मोहल्ल्यातून कुणी जात नाही.

एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. आदेश चांगला आहे. पण दवाखान्याच्या खोलीत आदेश नसतो, बाई एकटी असते. तिच्याजवळ चार प्रश्न असले पाहिजेत: सोनोग्राफीत नेमके काय दिसले? आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? आधी औषधाने इलाज होईल का? बीजकोष ठेवणार की काढणार? आणि उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याची हिंमत.

हे प्रश्न शिकवायला मोठी इमारत लागत नाही. मुलींच्या मक्तबमध्ये, बायकांच्या इज्तिमात, बचत गटाच्या बैठकीत महिन्याला एक तास, एक तक्ता आणि शिकवणारी एक आशाताई किंवा नर्स पुरे. शौचालयासाठी, कब्रस्तानच्या भिंतीसाठी निवेदन देणाऱ्या आपल्या जमातींनी यासाठीही एकदा बैठक घ्यावी.

अरबीत गर्भाशयाला ‘रहिम’ म्हणतात. ‘रहम’, ‘रहमान’ आणि ‘रहीम’ हे शब्द त्याच धातूतले. नातेवाइकांशी नाते जपण्याला आपण सिलारहमी म्हणतो, तेही याच अवयवाच्या नावावरून. ज्याचे नाव दयेशी आणि नात्याशी जोडलेले आहे, त्याला आपण भांडे म्हणत बसलो. मुलींना आधी हे नाव शिकवू या आणि मग त्याचे काम.