घरच्या खाऊला वर्गात जागा किती?

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि चाँद दिसला की त्यापाठोपाठ एक-दोन दिवसांत ईद. एकाच आठवड्यात कुठे पुरण शिजेल, कुठे शेवया तुपावर परतल्या जातील. शेजारीपाजारी ताटांची ये-जा होईलच. तिला कुणाचे परिपत्रक लागत नाही. अडचण येते ती सुट्टी संपून वर्ग भरतो तेव्हा. ईदनंतर डब्यातून शिरखुर्मा, संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीनंतर चकली-करंजी असा शाळेचा एक न लिहिलेला रिवाज होता. आता अनेक शहरी शाळांच्या सूचनांत एक ओळ सर्रास आढळते: सण वा वाढदिवसानिमित्त घरी केलेला खाऊ वाटू नये, द्यायचाच तर सीलबंद द्यावा.

पालकांना वाटते, हा सरकारी नियम असावा. तसे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये शालेय आहाराचे जे विनियम काढले, त्यांचा रोख विक्री आणि जाहिरातीवर आहे. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असे ते सांगतात. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये वेफर्स, शीतपेये, पिझ्झा-बर्गर यांना शाळेच्या उपाहारगृहातून बाहेर काढले, तेव्हाही विषय उपाहारगृहाचाच होता. आईने भरून दिलेला डबा हा काही अन्नव्यवसाय नव्हे. वर्गात काय वाटायचे हे शाळा आपल्या अखत्यारीत ठरवते, आणि म्हणूनच ते कसे ठरवले हे विचारायचा हक्क पालकांना आहे.

शाळांची भीती मात्र खोटी नाही. अन्न ५ ते ६० अंश तापमानात फार वेळ राहिले की जिवाणू झपाट्याने वाढतात. मार्चच्या उन्हात सकाळी सातला भरलेला दुधाचा शिरखुर्मा मधल्या सुट्टीपर्यंत टिकेल, याची हमी कोणती आई देईल? बासुंदीचेही तेच. शिवाय शिरखुर्म्यात बदाम, पिस्ते, चारोळी असते आणि तिळगुळात शेंगदाण्याचा कूट. शेंगदाणा किंवा सुकामेवा सोसत नसलेले एखादे मूल वर्गात असू शकते, आणि अशा मुलाच्या बाबतीत एक घासही भारी पडतो. पाकिटावर दूध, गहू, अंडे, शेंगदाणा, सुकामेवा यांची नोंद कायद्याने बंधनकारक आहे. घरच्या डब्यावर ती नसते. सीलबंदचा आग्रह इथून आला.

पण सीलबंद म्हणजे काय, हेही पाहायला हवे. वर्गात वाटले जाते ते बहुधा चॉकलेट, क्रीमची बिस्किटे नाहीतर जेलीच्या गोळ्या. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ते याच साखरेच्या धास्तीने. मंडळाच्या त्या परिपत्रकानुसार ४ ते १० वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वयाच्या मुलांत १५ टक्के साखरेतून येतात. मर्यादा ५ टक्क्यांची आहे. म्हणजे भिंतीवर साखरेपासून सावध करणारा फलक आणि त्याच भिंतीखाली शाळेच्याच नियमाने वाटली जाणारी चॉकलेटे. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू या नियमात बसत नाहीत. बरे, पाकिटाने धर्माचा प्रश्नही सुटत नाही. जेलीच्या गोळीतले जिलेटिन कशाचे, हे मुस्लीम आई विचारते; केकमध्ये अंडे आहे का, हे जैन आई विचारते. दोघी पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचत बसतात. उलट शेजारणीने केलेल्या पदार्थाबद्दल एक फोन पुरतो.

खरी गाठ पुढे आहे. वाटायच्या खाऊचा नियम हळूच मुलाच्या स्वतःच्या डब्यापर्यंत सरकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नोएडातील एका शाळेने पालकांना डब्यात सामिष देऊ नका असे कळवले. कारणे दोन, पदार्थ खराब होतो आणि सर्वांना सोबत बसता यावे. वाद झाल्यावर ती केवळ विनंती होती, असा खुलासा आला. आता खराब होण्याचेच म्हणाल तर दहीभात आणि पनीरही खराब होते. त्याच्या पुढच्याच महिन्यात अमरोह्यात डब्यात बिर्याणी आणल्यावरून एका लहान मुलाला शाळेतून काढल्याचा आरोप झाला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्या मुलाला व त्याच्या भावंडांना दुसऱ्या सीबीएसई शाळेत प्रवेश मिळवून द्या, असे जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले. मुलाला मानसिक त्रास देण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, आणि ते कलम डबा कशाने भरला हे पाहत नाही.

हा प्रश्न केवळ मुसलमान मुलांचा आहे, हा समजही काढून टाकावा. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ६० टक्के सामिष खाणारे निघाले. सुकटीची चटणी आणि अंड्याची पोळी ज्या डब्यांत असते, त्यांत सर्व जातींची आडनावे आहेत.

मग करायचे काय? दुधाचे, ओले पदार्थ वर्गात नकोत, ही अट कुणालाही पटेल, आणि ती शिरखुर्मा-बासुंदी दोघांना सारखीच लागू होईल. कोरड्या खाऊसोबत घटकांची मराठीत लिहिलेली चिठ्ठी मागता येते. ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे असावी आणि खाऊ वर्गात न खाता घरी नेण्याची मुभा असावी. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांचीही त्याने सोय होते, कारण वाढदिवसाची वडी समोर ठेवून ‘खा की रे’ असा आग्रह त्यांना सोसावा लागत नाही. पीएम पोषण योजनेत तर ‘तिथी भोजन’ आहेच: सणासुदीला गावकऱ्यांनी मुलांना विशेष जेवण द्यावे, अशी कल्पना सरकारच मांडते. गावाने दिलेले ताट सरकारी शाळेत चालते, तर खासगी शाळेत आईचे चार लाडू का चालू नयेत, याचे उत्तर सोपे नाही.

राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला आहे. त्याच्या सभेत फीवर तास-तास चालतो, खाऊचा विषय निघत नाही. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतील, नव्या डायऱ्या छापल्या जातील. त्यातली ती एक ओळ छापखान्यात जाण्याआधी सभेपुढे यायला एप्रिल हाताशी आहे.