कायदा कपाटात, पाणी टँकरात

भायखळ्याच्या गिरण्यांची धुराडी थंडावली आणि त्या जमिनींवर गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेचे पाणी अपुरे पडले की त्यांच्या फाटकाशी टँकर येतो. हे पाणी कोणत्या विहिरीचे, ती उपसण्याची परवानगी कोणी दिली, हे पैसे मोजणारा विचारत नाही आणि पैसे घेणारा सांगत नाही. राज्याचा जलरक्षणाचा कायदा दुबळा राहिला, त्याचे मूळ या सोयीस्कर मौनात आहे.

पाणी हा राज्यसूचीतील विषय. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल अधिनियम केला. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये, हे त्यातील मुख्य बंधन. ते अपुरे पडले म्हणून २००९ साली विधिमंडळाने व्यापक भूजल अधिनियम संमत केला. विहिरींची नोंदणी करावी, ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घालावा, अशा तरतुदी त्यात आहेत. पण तो अमलात येण्यास जून २०१४ उजाडला आणि नियमांचा मसुदा २०१८ साली प्रसिद्ध झाला. कूपनलिकेचे यंत्र एका दिवसात शेकडो फूट खाली जाते. कायद्याला मसुद्यापर्यंत पोहोचण्यास नऊ वर्षे लागली!

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईने याचे फळ पाहिले. विहीरमालकांनी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, अशा नोटिसा महापालिकेने दिल्या. टँकरचालकांनी संप पुकारला. महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर व विहिरी ताब्यात घेण्याचे पाऊल उचलले. संप मिटला, आणि नोटिसांना स्थगिती मिळाली. म्हणजे पाणी मिळवण्यासाठी कायद्याचा दंडुका चार दिवसांत उगारता येतो. पाणी राखण्यासाठी मात्र तोच हात लुळा पडतो.

जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे, ही कल्पना आपल्याकडे पक्की केली ती इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने. आपल्या परंपरेत विहीर खोदून ती लोकार्पण करणे हे पुण्यकर्म होते. अहिल्याबाई होळकरांच्या बारवा आणि घाट याच भावनेतून झाले. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये आणि गडाचे पाणी जतन करावे, असे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र बजावते. तोफांच्या काळातील राज्यकर्त्याला जे कळत होते, ते आजच्या मंत्रालयाला कळू नये?

मात्र परंपरेचा अभिमान सांगताना तिचे पापही सांगितले पाहिजे. याच समाजाने आपल्याच बांधवांना पाणवठ्यावरून हाकलले. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरीही तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या कागदात प्राण आला. समाज उभा राहिल्याखेरीज कायदा चालत नाही, हा महाडचा धडा आहे.

तेव्हा शासनाकडे मागणी स्पष्ट हवी. मुंबईतील प्रत्येक विहीर व कूपनलिकेची नोंद प्रभागवार लोकांसमोर मांडावी. प्रत्येक टँकरवर पाण्याचा स्रोत आणि परवाना ठळक लिहावा. नोटिसांना मिळणारी स्थगिती हे धोरण होऊ नये.

आणि आपल्या घरापासून आरंभ हवा. १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण मुंबईत २००२ पासूनच सक्तीचे आहे. आपल्या सोसायटीतील तो खड्डा जिवंत आहे की सिमेंटखाली गाडला गेला, हे येत्या रविवारी पाहावे. शेजाऱ्यांना घेऊन पाहावे. टँकरवाल्याला पैसे देण्याआधी त्याचा परवाना मागावा. ज्या समाजाला स्वतःच्या अंगणातील खड्डा दिसत नाही, त्याला मंत्रालयातील कपाट उघडायला सांगण्याचा अधिकार उरत नाही.