वस्त्रांचे शुद्धिपत्र कोणी द्यावे?

उन्हाळ्याची सुटी लागली, शाळांचे निकाल हाती आले, की मराठवाड्यातील गावोगावची कुटुंबे दोन-तीन दिवसांच्या सहलीस बाहेर पडतात. त्यांतील अनेकांचा एक दिवस पैठणास जातो. सकाळी नाथांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, एखाद्या मागावर पैठणीचा पदर कसा भरतात ते पाहावे, दुपारी नाथसागराचे अफाट पाणी डोळ्यांत साठवावे, आणि मुलांचा हट्ट मोडवत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी एखाद्या वॉटर पार्कची वाट धरावी, असा हा क्रम असतो. गाडीत आजी नऊवारीत असते, आजोबा धोतरात, सून सलवार-कमीजमध्ये आणि कॉलेजात जाणारी नात जीनमध्ये. नाथांच्या दारी ही सर्व मंडळी एकाच रांगेत उभी राहतात व कोणास काही वावगे वाटत नाही. वॉटर पार्कच्या दारात मात्र पाटी आडवी येते. नायलॉनच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरता येणार नाही! तिकीट तर फाटलेले असते. मग आजी बाकावर बसते, सून तिच्या शेजारी बसते, आणि पूर्ण पैसे भरून त्या दोघी दिवसभर दुसऱ्यांच्या चपला राखतात.

पाणीटंचाई, कर्ज आणि बेकारी हे प्रश्न दाराशी उभे असताना कपड्यांची चर्चा पहिल्या पानावर कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, वस्त्राचा प्रश्न हा पुष्कळदा प्रवेशाचा प्रश्न असतो. कोणी आत यावे व कोणी बाहेर राहावे, हे जेव्हा उघडपणे सांगता येत नाही, तेव्हा ते कपड्यांच्या आडून सांगितले जाते. म्हणून करमणुकीच्या स्थळी योग्य पोशाख कोणता, हे ठरविण्यापूर्वी तो कोणी ठरवावा आणि कोणत्या कारणासाठी, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम चालकांची बाजू ऐकून घेऊ. त्यांचा नियम निव्वळ लहर नव्हे. सुती कापड पाणी पिऊन जड होते व पोहणाऱ्यास खाली ओढते. त्याचे धागे गाळणयंत्रात अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो. जीनची पितळी बटणे घसरगुंडीचा पृष्ठभाग ओरखडतात आणि मागून येणाऱ्याच्या अंगास लागतात. ओढणी किंवा पदर लाटांच्या तलावात पायांत गुरफटला, तर जिवावर बेतू शकते. फिरत्या यंत्रांच्या बाबतीत तर धोका याहून मोठा. इझाडोरा डंकन ही जगद्विख्यात नर्तकी १९२७ साली नीस येथे मरण पावली, ती गळ्यातील लांब उपरणे मोटारीच्या चाकात गुंतल्यामुळे. आकाशपाळण्यात बसताना ओढणी आवरून घ्या, केस बांधा, असे कोणी सांगितले, तर तो शहाणपणाचा शब्द मानावा. तेथे संस्कृतीचा किंवा स्वातंत्र्याचा कैवार घेऊन भांडणे हा हटवादीपणा होय.

परंतु त्याच पाटीवर याच्या खालोखाल आणखी एक ओळ हमखास असते. 'सभ्य पोशाख आवश्यक.' येथे आमची शंका सुरू होते. पहिल्या नियमाला कारण आहे आणि ते तपासता येते. नायलॉन आहे की सुती, हे हाताला कळते. सभ्यता मात्र कोणत्या मापाने मोजावयाची? दारावरील पहारेकऱ्यास, ज्याला स्वतःचा गणवेशही धड मापाचा मिळालेला नसतो, आपण एकाएकी नीतीचा न्यायाधीश करून टाकतो. तो ज्याच्याकडे पाहून कपाळास आठी घालील, तो असभ्य!

हा शब्द किती निसरडा आहे, याचा अनुभव आपल्या राज्याने अलीकडे वारंवार घेतला आहे. शिर्डीस २०२० च्या डिसेंबरात सभ्य पोशाखाचे आवाहन करणारे फलक लागले आणि त्यावरून वाद पेटला. तुळजापुरात २०२३ च्या मे महिन्यात असाच निर्बंध जाहीर झाला आणि लोकांची नाराजी पाहून तातडीने मागे घ्यावा लागला. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने २०२५ च्या जानेवारीत आपला नियम जाहीर केला. मंदिराची गोष्ट वेगळी आहे, हे आम्ही मान्य करतो. तेथे भाविक आपण होऊन एका मर्यादेत प्रवेश करतो, आणि ती मर्यादा कोणती याचा वाद भाविकांनी व विश्वस्तांनी आपसांत मिटवावा. पण देवळातील भाषा उचलून ती बागेच्या, कारंज्याच्या व पाळण्याच्या दारावर चिकटवू नये. माणूस तेथे खेळावयास जातो, व्रत पाळावयास नव्हे.

कायद्याचे याबाबत काय म्हणणे आहे? २०२३ च्याच मे अखेरीस नागपूर जिल्ह्यात उमरेड तालुक्यातील एका वॉटर पार्क असलेल्या रिसॉर्टच्या सभागृहावर पोलिसांनी छापा घातला. तेथे तोकड्या वस्त्रांतील स्त्रियांचे नृत्य चालले होते म्हणून प्रेक्षकांवर अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. तोकडी वस्त्रे एवढ्यावरून कृत्य अश्लील ठरत नाही आणि नीतीच्या बदलत्या कल्पनांकडे पाहताना संकुचित दृष्टी बाळगणे योग्य नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. खटला नर्तिकांच्या वेषावरून उभा राहिला होता, सहलीस आलेल्या कुटुंबांवरून नव्हे, हे खरे. तथापि पोलिसाच्या नजरेलाही जेथे न्यायालयाने लगाम घातला, तेथे तिकीट तपासणाऱ्याच्या नजरेस मोकळे रान का द्यावे?

तोकड्या कपड्यांनाच अडविले जाते, असेही नाही. नजर एकदा न्यायाधीश झाली की ती दोन्हीकडे कापते. बंगळूरच्या एका मॉलमध्ये २०२४ च्या जुलैत चित्रपट पाहावयास आलेल्या वृद्ध शेतकऱ्यास धोतर नेसल्याबद्दल अडविले. कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवावयास लावला. चेन्नईत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी नेसल्याबद्दल एका क्लबात प्रवेश मिळाला नाही, आणि तमिळनाडूच्या विधानसभेस त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५५ साली उघडलेल्या अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये साठीच्या दशकात केस वाढविलेल्या तरुणांना दारातून परत पाठवीत. आज त्याच उद्यानांचा एक नियम असा आहे की, चौदा वर्षे व त्यावरील वयाच्या पाहुण्यांनी परीकथेतील पात्रांचा संपूर्ण वेष करून येऊ नये. लहान मुलांनी त्यांना खरे पात्र समजून फसू नये, हे त्यामागील कारण. लांब केसांवरचा नियम कालप्रवाहात वाहून गेला, कारण त्याला आवडीनिवडीपलीकडे आधार नव्हता. वेषांतराचा नियम टिकला, कारण त्याचे कारण कोणासही समजावून सांगता येते.

फ्रान्सचा अनुभवही हेच सांगतो. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून समुद्रकिनाऱ्यावर येण्यास तेथील काही गावांनी २०१६ साली बंदी केली. देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशी बंदी स्थगित केली, कारण सुव्यवस्थेस धोका असल्याचे नगराध्यक्षांस दाखविता आले नाही. त्याच देशातील सार्वजनिक तलावांत मात्र पुरुषांनी सैल अर्धी चड्डी न घालता अंगाबरोबरचा पोशाख घालावा, असा स्वच्छतेचा नियम चालतो. ग्रेनोबल शहराने २०२२ साली या नियमास एका गटापुरती सवलत देऊ केली, तेव्हा त्याच न्यायालयाने ती अडविली. त्या देशाच्या धोरणातील प्रत्येक गोष्ट आम्हांस पटते, असे नाही. पण घेण्याजोगा धडा एवढा की, नियमाने आपले कारण सांगावे, आणि सांगितलेले कारण सर्वांना सारखे लावावे.

आपल्या देशात या प्रश्नास आणखी एक पदर आहे, आणि तो महाराष्ट्रास विसरता येणार नाही. कोणी काय नेसावे, हे येथे शतकानुशतके जातीने ठरविले. महाड येथे १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांस सांगितले की, ज्या लुगड्याच्या धाटणीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते टाकून द्या. पोटभर अन्न व पिण्याचे पाणी यांच्या लढ्यात त्यांनी लुगड्याचा विषय काढला, तो उगाच नव्हे. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणा नागरिकास अटकाव करता येणार नाही, अशी हमी आली. घटनाकारांनी विहिरी व रस्ते यांच्या बरोबरीने करमणुकीचा उल्लेख केला आहे. आनंद हाही नागरिकाचा वाटा आहे, हे त्यांनी जाणले होते. त्या अनुच्छेदात वस्त्राचे नाव नाही. म्हणूनच वस्त्राच्या नावाखाली जात, धर्म किंवा खेडवळपणा अडविला जात नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयास हवे.

आमच्या संस्कृतीचे काय, असा प्रश्न येथे येणार. संस्कृतीचे नाव घेणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भिंती एकदा डोळसपणे पाहाव्यात. नऊवारी सोडून गोल पातळ नेसू लागलेल्या मुलींनी एके काळी घरोघरी किती बोलणी खाल्ली, तेही आठवावे. आज तेच पातळ सोज्ज्वळपणाची खूण झाले आहे! नाथषष्ठीस गोदावरीच्या पात्रात सहस्रावधी स्त्रीपुरुष ओलेत्याने उभे असतात. तेथे कोणी कोणाची वस्त्रे मोजत नाही, कारण मने दुसरीकडे लागलेली असतात. अडचण ओल्या वस्त्राची नसून पाहणाऱ्या डोळ्यांची आहे. तरण-तलावाच्या काठावर मोबाईल रोखून उभ्या राहणाऱ्या टोळक्यास बाहेर काढावयाचे सोडून, पाण्यात उतरणाऱ्या मुलीस अंग झाकावयास सांगणे, हा चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा प्रकार झाला.

मग करावे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. पोशाखाचा नियम असेल तर तो तिकिटापूर्वी, मराठीत, ठळक अक्षरांत आणि कारणासह सांगावा. नायलॉनचाच आग्रह असेल, तर अंगभर झाकणारे, सर्व वयांच्या व सर्व मापांच्या स्त्रियांना घालता येतील असे पोशाख माफक भाड्याने आणि स्वच्छ धुतलेले मिळावेत. कपडे बदलण्याच्या खोल्यांना धड कड्या असाव्यात. ज्या आजीला पाण्यात उतरावयाचेच नाही, तिच्याकडून पूर्ण तिकीट घेऊ नये, आणि घेतले तर तिला सावली, बसावयास जागा व पाय भिजविण्यापुरते पाणी तरी द्यावे. पुरुषांना आणि स्त्रियांना नियम एकच असावा. स्त्रीच्या पोशाखावर बोट ठेवणारी व्यवस्था अंतर्वस्त्रावर पाण्यात उडी घेणाऱ्या पुरुषांकडे कानाडोळा करीत असेल, तर तिच्या सभ्यतेचे आम्हांस कौतुक नाही. पाहुण्यांचेही काही कर्तव्य आहे. तलाव सर्वांचा आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारणे, 'पैसे मोजले आहेत' म्हणून रखवालदाराशी हुज्जत घालणे, हे दुसऱ्याच्या आनंदात माती कालविण्यासारखेच होय.

आम्ही शिक्षकी पेशात होतो, तेव्हा मुलांना घेऊन पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात सहलीस येत असू. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेली ती बाग तेव्हा साऱ्या मराठवाड्याचे भूषण होती. एका वर्षी सर्व मुली रंगीत फ्रॉक घालून आल्या, आणि एकीच्या अंगावर तेवढा शाळेचा गणवेश. दुसरा कपडा नव्हताच. दिवसभर ती मागे मागे राहिली. संध्याकाळी कारंजी सुरू झाली, अंधार पडला, रंगीत पाणी उसळू लागले, आणि त्या गर्दीत ती कोठे आहे हे आम्हांसही ओळखू येईना. इतरांइतक्याच मोठ्याने ती ओरडत होती. सार्वजनिक उद्यान कशासाठी असते, हे आम्हांस त्या सायंकाळी उमगले.

ज्या धरणाच्या पायथ्याशी ती बाग फुलली, त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी केली, आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. मधल्या काळात उद्यानास अवकळा आली, आणि ते पूर्ववत व्हावे अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. नव्या करमणुकीच्या योजना आखणाऱ्यांनी दारावरील पाटी लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे की, हे पैठण आहे. परंपरा सांगते की, संन्याशाच्या चार पोरांना याच नगरीत शुद्धिपत्र मागावयास यावे लागले होते. ते देणाऱ्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत. मागणाऱ्या भावंडांतील ज्ञानदेवाचे नाव मात्र या बागेस दिले आहे. आणि तापल्या वाळूत रडणारे पोर उचलून कडेवर घेताना नाथांनी त्याच्या अंगावर काय आहे, हे पाहिले नव्हते. त्यांच्या गावात आजी बाकावर बसून राहू नये, आणि नातीस दारातून परत फिरावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.